ख्रिस्ती मंडळीतील तरुण मुलगी : सेवा आणि अधिकार

दलित स्त्रीच्या प्रश्नाविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचे श्रम, तिच्यावरचे अत्याचार, तिचे आत्मकथन, चळवळीतील तिचे स्थान या सर्वांची चर्चा झाली आहे. परंतु या चर्चेत दलित ख्रिस्ती मुलगी सहसा येत नाही. चळवळीच्या दृष्टीने ती 'तिकडे गेलेल्या' घरातली असते. मंडळीच्या दृष्टीने 'ख्रिस्तात जात नाही' एवढे म्हटले की तिच्याविषयी वेगळे बोलण्याचे कारण उरत नाही. दोन्हीकडून सुटलेल्या या मुलीचा विचार या लेखात करावयाचा आहे.

माझी भूमिका प्रथम स्पष्ट करते. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझे आजी-आजोबा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या महारवाड्यातले, बाप्तिस्मा घेतलेले. वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करीत; आई चार घरची धुणीभांडी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. गोडदेवमध्ये मी वाढले आणि तिथल्याच एका लहान मराठी मंडळीत मी वाचायला, गायला आणि चारचौघांसमोर उभे राहून बोलायला शिकले. म्हणून मी जे लिहिते आहे ते बाहेरून पाहणाऱ्याचे नाही.

गोडदेव हे भाईंदर पूर्वेचे जुने गावठाण. भाईंदर म्हणजे एकेकाळी भातशेती, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची वस्ती. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाखांच्या वर गेली. मुंबईत घर न परवडणारी माणसे इकडे आली. त्यांत नगर, जालना, मराठवाडा या भागांतली आमच्यासारखी कुटुंबेही होती. या शहरात ख्रिस्ती म्हटले की लोकांना उत्तन-डोंगरीकडचे ईस्ट इंडियन आठवतात. ते पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिक. १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन त्यांनी आपली संघटना उभी केली. आम्ही त्यांच्यातले नव्हे. आम्ही मिशनच्या काळात, दुष्काळाच्या आणि महारकीच्या जाचातून ख्रिस्ती झालेले मराठी प्रोटेस्टंट. आमची उपासना भाड्याच्या खोलीत नाहीतर शाळेच्या वर्गात भरते. नावे आणि ऐपत वेगळी असली, तरी तरुण मुलीने कसे असावे याविषयीच्या अपेक्षा मात्र दोन्हीकडे फारशा वेगळ्या नाहीत.

२

मंडळीतल्या मुलीचा आठवडा पाहावा. शनिवारी संध्याकाळी खोली झाडणे, सतरंज्या अंथरणे, वेदीवरचे कापड धुऊन इस्त्री करून घालणे, फुले लावणे ही कामे मुलींची. रविवारी सकाळी शब्बाथ शाळेत लहान मुलांना शिकवणे त्यांचे. उपासनेत गायनपथक त्यांचे. उपासना संपली की चहाचे पेले विसळणे त्यांचेच. आठवड्यात कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. तेथे गीत मुलीने सुरू करायचे, प्रार्थना बाईने करायची आणि वचन पुरुषाने सांगायचे, ही वाटणी न सांगताच ठरलेली असते. नाताळच्या आधी पंधरा दिवस मुलांचे नाटक बसवणे, खोली सजवणे, मंडळीच्या जेवणासाठी कांदे चिरणे हे ओघाने आलेच.

मुलग्यांनाही कामे असतात. ते माईक लावतात, तबला-गिटार वाजवतात, खुर्च्या उचलतात. पण त्यांच्या कामांची वाट पुढे जाते. विशीत आलेला मुलगा दानपेटी मोजायला बसतो, पंचविशीत हिशेब ठेवतो, तिशीत मंडळीच्या कमिटीवर येतो. मुलीची वाट पुढे जात नाही. पंधराव्या वर्षी ती जे करीत होती तेच तिची आई पंचेचाळिसाव्या वर्षी करीत असते. फक्त तरुण संघातून महिला मंडळात बदली झालेली असते.

याशिवाय वागणुकीची एक मोठी यादी आहे. प्रार्थनेत डोक्यावर पदर किंवा ओढणी हवी. केस मोकळे नकोत. गायनपथकात उभे राहायचे तर जीन्स नको. मुलग्यांशी बोलताना हसणे बेताचे असावे. या सर्वांसाठी आमच्याकडे एकच शब्द आहे, 'साक्ष'. मुलगी चुकली की 'मंडळीची साक्ष बिघडते'. मुलगा दारू पिऊन आला तर त्याच्यासाठी प्रार्थना करतात. मुलगी परजातीच्या मुलाबरोबर स्टेशनवर दिसली तर तिला गायनपथकातून काढतात. समाजाची अब्रू मुलीच्या अंगावर टांगण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. ती पाटलाच्या वाड्यात होती, आमच्या वाड्यात होती, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही ती धुऊन गेली नाही.

लग्नाच्या वेळी हे सर्वांत उघडे पडते. स्थळ 'विश्वासातले' हवे असे मंडळी सांगते. पण विश्वासातल्या स्थळांतही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती हा हिशेब घरातली मोठी माणसे मनात ठेवतात. रविवारी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी दोन घरे सोमवारी सोयरीक जुळवायला तयार नसतात. 'ख्रिस्तात जात नाही' हे वाक्य जिथे सिद्ध व्हायला हवे ती जागा लग्न हीच आहे, आणि तिथे ते सिद्ध करण्याचे ओझे मुलीवर येते. तिने जात ओलांडली तर घर तुटते; धर्म ओलांडला तर मंडळी तुटते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या चाळीतल्या इतर मुलींना दिवेलागणीनंतर घराबाहेर पडायची सोय नव्हती. मला गायनाच्या सरावाला जाता येई. हातात पुस्तक घेऊन उभे राहणे, पाठ वाचणे, वीस मुलांना शांत बसवणे हे मी मंडळीत शिकले, म्हणून आज वर्गात उभी राहू शकते. मंडळी मुलीला घडवते हे खरे आहे. तिला घडवून झाल्यावर मंडळी तिचे काय करते, हा प्रश्न आहे.

३

या प्रश्नाची किल्ली एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'सेवा'. आमच्या मंडळीत हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. मुली झाडतात ती सेवा, स्त्रिया स्वयंपाक करतात ती सेवा. आणि पाळकसाहेब वेदीपाशी उभे राहून प्रभुभोजन देतात, लग्ने लावतात, कमिटी चालवतात तीही 'पाळकीय सेवा'. शब्द एकच असला तरी अर्थ दोन आहेत. पुरुषाची सेवा म्हणजे पद. तिला दीक्षाविधी आहे, मानधन आहे, राहायला घर आहे, नावामागे उपाधी आहे. स्त्रीची सेवा म्हणजे काम. तिला यांतले काहीही नाही. पाळकाची पत्नी, जिला आम्ही पाळकीणबाई म्हणतो, ती आजाऱ्यांना भेटते, महिला मंडळ चालवते, पाहुण्यांना जेवू घालते. मंडळी पगार एकाला देते आणि राबवून दोघांना घेते.

सेवा या शब्दाचा हा दुहेरी वापर आपल्या वाचकांच्या ओळखीचा आहे. मनूने शूद्राला सेवा हाच धर्म नेमून दिला. गावाने महाराला गावकीची सेवा दिली आणि तिला बलुत्याचा मान म्हटले. ज्याने चामडे कमावले, वाद्य मढवले, त्याला ते वाद्य जिथे वाजते त्या देवळात जाता येत नव्हते. आमच्याकडे वेदीचे कापड जी मुलगी धुते, तिला त्या वेदीपाशी उभे राहून भाकर मोडता येत नाही. अस्पृश्यतेइतकी क्रूरता यात नाही. परंतु श्रम एकाचे आणि अधिकार दुसऱ्याचा, आणि त्या विभागणीला पवित्र नाव, ही रचना तीच आहे.

रचना तीच असल्याचा आणखी एक पुरावा म्हणजे शुद्धाशुद्धतेची कल्पना. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीचा विटाळ सांगितला आहे : मुलगा झाल्यास एकूण ४० दिवस, मुलगी झाल्यास ८०. युरोपातल्या चर्चमध्ये बाळंतपणानंतर स्त्रीला पुन्हा देवळात घेण्याचा वेगळा विधी कित्येक शतके चालू होता. आमच्या मंडळीत असा कोणताही लेखी नियम नाही. तरी 'त्या दिवसांत' वेदीच्या कापडाला हात लावू नये असे आया मुलींना हळूच सांगतात. ही समजूत त्या गावातून घेऊन आल्या. ती मोडायची कोणाला गरज वाटली नाही, कारण ती सोयीची होती. वास्तविक येशूच्या चरित्रात बारा वर्षे रक्तस्राव असलेल्या स्त्रीने त्याच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा त्याने तिला दूर लोटले नाही. तिला मुलगी म्हणून हाक मारली. आमच्या पाळकांनी या प्रसंगावर पुष्कळ प्रवचने केली आहेत. ती सर्व बरे होण्यावर असतात. विटाळ मोडल्याविषयी त्यांत काही नसते.

४

मुलींना गप्प बसवण्यासाठी पौलाची पत्रे काढली जातात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे म्हटले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने शिकवू नये व पुरुषावर अधिकार चालवू नये असे आहे. इफिसकरांस पत्रातला पत्नीच्या अधीनतेचा भाग तर लग्नात हमखास वाचला जातो; पतीने पत्नीवर स्वतःच्या देहासारखी प्रीती करावी हा त्याचाच पुढचा भाग लग्नानंतर कोणी आठवत नाही.

पण याच पत्रांत दुसरी बाजू आहे आणि ती मुलींना शिकवली जात नाही. करिंथकरांस पत्रातच, अकराव्या अध्यायात, स्त्री प्रार्थना करते व संदेश देते हे गृहीत धरले आहे; तंटा आहे तो फक्त डोके झाकण्याचा. म्हणजे बोलणाऱ्या स्त्रिया मंडळीत होत्या. गलतीकरांस पत्रात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र आणि पुरुष-स्त्री हे तिन्ही भेद ख्रिस्तात उरत नाहीत असे सांगितले आहे. आमचे वक्ते यातला पहिला भेद जातीला लावतात, टाळ्या घेतात आणि तिसऱ्यापाशी थांबतात. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात फीबी आहे, प्रिस्किल्ला आहे, प्रेषितांमध्ये नावाजलेली युनिया आहे. फीबीसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच पुरुषांच्या बाबतीत पुढे 'डीकन' हे चर्चचे पद झाला. मराठीत मात्र फीबी 'सेविका' म्हणून आपल्यापुढे येते. पुनरुत्थानाची बातमी प्रथम सांगितली ती मग्दालीया मरीयेने, हे तर चारही शुभवर्तमानांच्या वाचकाला माहीत असते.

म्हणजे ग्रंथात दोन्ही प्रवाह आहेत. कोणता वाचायचा हे वाचणारा ठरवतो, आणि वाचणारा आजवर पुरुष राहिला आहे. ज्यांच्या हाती ग्रंथाचा अर्थ, त्यांच्या हाती समाज, हे आपण फुले-आंबेडकरांकडून शिकलो आहोत. ते फक्त एका धर्माच्या ग्रंथाला लावून चालणार नाही.

नियम बदलत नाहीत असेही नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत स्त्रियांनी देवळात डोके झाकावे असा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. मुलींना वेदीसेवक होण्याची मोकळीक रोमने १९९४ साली दिली. त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना धर्मगुरुपद देण्याचा चर्चला अधिकारच नाही असे जाहीर करून तो दरवाजा बंदही केला. २०१० साली भारतातल्या कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने स्त्री-पुरुष समतेचे धोरण प्रसिद्ध केले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली केली. प्रोटेस्टंटांत चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ साली पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली, आणि २०१३ साली ई. पुष्पा ललिता या त्या चर्चच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही आज स्त्रिया पाळकपदावर आहेत. देवाने घालून दिले म्हणून जे सांगितले जाते, ते माणसांच्या बैठकीत ठराव करून बदलते, हे या साऱ्यावरून दिसते. मात्र वरचे ठराव खालच्या खोलीपर्यंत येत नाहीत.

माझ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण देते. हुशार, शब्बाथ शाळेची चार वर्षांची शिक्षिका, बायबलचा अभ्यास पाळकांच्या बरोबरीचा. पदवीनंतर ईश्वरविज्ञान शिकून पाळक व्हावे अशी तिची इच्छा. त्या शिक्षणासाठी मंडळीचे शिफारसपत्र लागते. ते मागायला ती गेली तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हसून सांगितले, "बाळ, तुला पाळकसेवा करायची ना? मग पाळकाशी लग्न कर." ते गृहस्थ दुष्ट नव्हेत. तिच्या शिकण्यासाठी त्यांनी एकदा पदरचे पैसेही दिले होते. त्यांना ते उत्तर प्रेमळ वाटत होते. हीच खरी अडचण आहे. ज्यात कोणालाच काही वावगे दिसत नाही, त्याच्याशी भांडायचे कसे?

५

महाराष्ट्राचा इतिहास पाहिला तर या मुलीच्या मागे मोठी परंपरा उभी आहे. ती तिला कोणी सांगितलेली नाही.

१८५५ साली अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी होती, ख्रिस्ती नव्हती. आम्हाला कोणता धर्म आहे, असा प्रश्न तिने त्या निबंधात विचारला, आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या जातीच्या स्त्रियांचे हाल सांगितले. धर्म, जात आणि स्त्रीचा देह या तिन्ही गोष्टी एका जागी आणणारे मराठीतले हे इतके जुने लेखन एका शाळकरी मुलीचे आहे, आणि ते मिशनच्या पत्राने छापले. मिशनने दलित मुलीच्या शब्दाला जागा दिली होती ती अशी.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. लगेच पुढच्या काळात त्यांचा चर्चच्या अधिकाराशी खटका उडाला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवल्यास हिंदुस्थानात तिचे वजन राहणार नाही असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे आश्चर्य वाटले. आपल्या वडिलांनी व पतीने ज्याला कधी हरकत घेतली नाही, त्याला इंग्रजांनी घ्यावी हे त्यांना पटेना. पुढे वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून आले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट लिहिले. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे बिशपचा हुकूम स्वीकारला असे नव्हे, हा भेद त्यांनी केला. तो भेद आजही आमच्या मुलींना कोणी शिकवत नाही.

याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातल्या मुली सांभाळल्या. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी केले आणि ते सदनातल्या स्त्रियांनीच खिळे जुळवून छापले. १९०५ साली मुक्तिसदनात आध्यात्मिक जागृतीची लाट आली, तेव्हा तरुण मुलींच्या टोळ्या गावोगाव जाऊन उपदेश करीत. जगभरच्या पेन्टेकोस्टल चळवळीच्या उगमस्थानांत अभ्यासक केडगावला धरतात. आज भाईंदरच्या गल्लीतल्या एखाद्या पेन्टेकोस्टल खोलीत मुलीला 'स्त्रीने शिकवू नये' असे सांगितले जाते, तेव्हा तो पंथ ज्या मुलींच्या तोंडून पसरला त्यांच्याच नातींना गप्प बसवले जात असते.

लक्ष्मीबाई टिळकांचेही असेच. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, स्वतःचे मन वळल्यावर घेतला. नवऱ्यापाठोपाठ निमूट जाणारी ही स्त्री नव्हती. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसताना त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले.

पण येथे थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई दोघीही ब्राह्मण घरांतून आल्या. महाराष्ट्रातले प्रोटेस्टंट मात्र बहुसंख्येने महार-मांग वस्त्यांतून आले. नगर जिल्ह्यात मिशनच्या 'बायबल बाया' उन्हातान्हात वाड्या-वस्त्या पालथ्या घालीत, बायकांना अक्षर शिकवीत, वचन वाचून दाखवीत. त्यांना वेतन तुटपुंजे होते, दीक्षा नव्हती, पद नव्हते. मंडळ्या उभ्या राहिल्या त्या त्यांच्या पायांवर. आमच्या इतिहासात पाळकांची नावे आहेत, मिशनऱ्यांची आहेत, दोन-चार ब्राह्मण स्त्रियांची आहेत. बायबल बाईचे नाव शोधावे लागते. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नावे मिळवली. दलित ख्रिस्ती स्त्रियांसाठी तसे काम व्हायला हवे.

६

जात आणि चर्च यांच्या मध्ये सापडलेल्या मुलीवर राज्याच्या कायद्याचाही भार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुसलमान दलितांना नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाच्या अहवालाने धर्माची ही अट काढावी असे सुचवले. २०२२ साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. प्रश्न लोंबकळत राहिला. त्याचा परिणाम घरात कसा होतो? अनुसूचित जातींना मिळणारी फीची सवलत नाही, ती शिष्यवृत्ती नाही, कमाई एकाची. दोन मुलांपैकी एकालाच पुढे शिकवता येते, तेव्हा कोणाचे शिक्षण थांबते हे सांगायला नको. 'तू शब्बाथ शाळेत छान शिकवतेस, बालवाडीत लागशील' अशी मुलीची समजूत घातली जाते. सेवा हा शब्द येथेही उपयोगी पडतो.

कायद्याची दुसरी बाजू मुलींना माहीत नसते. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ च्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणे मिळाली. एकशे बत्तीस वर्षे हा अन्याय चालला, त्या काळात लग्न लावणाऱ्या किती व्यासपीठांवरून त्याचा उच्चार झाला? वारसाहक्काच्या बाबतीत १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. केरळात जुना त्रावणकोर कायदा आड येत होता; १९८६ साली मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो लागू नाही असे ठरवले. आपल्याकडे तसा अडथळा नव्हता, तरी गोडदेवची दहा बाय बाराची खोलीसुद्धा शेवटी भावाच्या नावावर होते आणि बहीण 'राजीखुशीने' सही करते.

७

काही कार्यकर्ते म्हणतील की हा दुसऱ्या धर्माचा अंतर्गत प्रश्न आहे. मला ते मान्य नाही. आपल्या विहारांत पाहा. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रांगोळी कोण काढते, भात कोण शिजवते, खुर्ची कोणाला मिळते? भिक्षुणीसंघाची मागणी करणाऱ्या महाप्रजापतीची कथा आपण सांगतो, आणि विहाराच्या कमिटीत एका स्त्रीला घेऊन तिला पाणी द्यायला उठवतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत डॉ. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप दिले. त्या मापातून विहारही सुटत नाही आणि मंडळीही. 'दलितांतील दलित' म्हणून दलित स्त्रीचा प्रश्न देशापुढे ठेवणाऱ्या रूथ मनोरमा या स्वतः ख्रिस्ती घरातल्या. १९९५ साली त्यांनी दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ उभा केला तेव्हा धर्माची भिंत मध्ये आली नाही. दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करणारे अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात येशूला दलितांच्या बाजूने उभे केले. त्या मांडणीत दलित स्त्री कुठे आहे, हे पुढे स्त्रियांनाच विचारावे लागले.

तेव्हा करायचे काय? माझ्या मते मुलींना मंडळी सोडायला सांगणे हे उत्तर नव्हे. जिथे तिचे श्रम गुंतले आहेत तिथेच तिने हिशेब मागावा. मंडळीच्या कमिटीत निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात आणि दानपेटी मोजताना त्यांपैकी दोघी बसाव्यात. झाडणे, चहा, स्वयंपाक यांची पाळी मुलग्यांनाही लावावी. महिन्यातून एका रविवारी वचन मुलीने सांगावे. शिफारसपत्र योग्यतेवर द्यावे. दृढीकरणाच्या वर्गात पौलाच्या एका अध्यायाबरोबर दुसराही शिकवावा. लग्नापूर्वीच्या समुपदेशनात २००१ ची दुरुस्ती आणि १९२५ चा वारसा कायदा मुलीला वाचून दाखवावा. यांतल्या एकाही गोष्टीला रोमची किंवा सिनॉडची परवानगी लागत नाही. वार्षिक सभेत एक ठराव लागतो आणि तो मांडायला उभे राहणारी दोन माणसे लागतात.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती वेगळी आहे. आपल्या वर्गात अशी मुलगी असतेच. तिचे आडनाव ऐकून ती 'आपली' की 'त्यांची' हे ठरवू नये. तिच्या आजीला विचारून घ्यावे की गावात बायबल बाई कोण होती, कोणत्या वाडीत जात असे, किती पगार मिळे, म्हातारपणी तिचे काय झाले. ते लिहून काढावे. ती नावे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या आता थोड्या राहिल्या आहेत.